नियामकाची सचोटी आणि संस्थेची जबाबदारी

निवृत्तीनंतर मी म्हैसूरजवळ हूटगळ्ळीत राहतो. हुणसूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक पट्ट्यातील माझे बहुतेक शेजारी आसपासच्या कारखान्यांत उमेद घालवून माझ्यासारखेच घरी बसलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एक जण कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत १९९० च्या दशकातील शेअर प्रमाणपत्रे होती. कडा पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर विरलेल्या. काही प्रमाणपत्रांना हस्तांतरणाचे अर्ज टाचलेले होते आणि त्यांवर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून कंपनीने ती त्या काळी परत पाठवली होती. बोनसच्या पैशांतून त्यांनी ही खरेदी केली होती. ‘‘सर, हे कागद आता कशाचे?’’ एवढेच त्यांनी विचारले.

उत्तर सोपे नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातील शेअरचे खरेदीपोटी हस्तांतरण बंद झाले आहे. त्याआधी दाखल होऊन परत आलेल्या अर्जांसाठी सेबीने जुलै २०२५ पासून सहा महिन्यांची खास मुदत उघडली होती, म्हणून निदान अर्ज तरी करता आला. मात्र त्या पिशवीने माझे लक्ष एका जुन्या योगायोगाकडे वेधले. आमच्या घरापासून जवळच, मेटगळ्ळीला, रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटा छापण्याचा कारखाना आहे. तो १९९६ साली सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईत शेअरचा कागदच नाहीसा करणारी संस्था उभी राहिली आणि ती उभी करण्यासाठी भारतीय प्रशासकीय सेवेतील एका अधिकाऱ्याने सेवेचा राजीनामा दिला. त्या अधिकाऱ्याचे नाव चंद्रशेखर भास्कर भावे. या लेखाचा विषय त्यांची कारकीर्द आहे. गौरव किंवा दोषारोप हा हेतू नाही. वित्तीय बाजारावर देखरेख करणाऱ्या लोकसेवकाकडून आपण काय अपेक्षितो आणि त्याच्यामागे किती उभे राहतो, हे त्या कारकिर्दीत इतके स्वच्छ दिसते की दुसरे उदाहरण शोधण्याची गरज पडू नये.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून प्रथम थोडे मागे जातो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बेच्या कंपनीपासून नव्या बँकांपर्यंत कशाचेही शेअर चढत्या भावाने विकले जाऊ लागले. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी देणी चुकवणारे कोणी उरले नाही. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. या बँकेच्या संचालक मंडळावर सरकारने नेमलेले संचालक होते, हे विसरता कामा नये. म्हणजे सरकार त्या मेजाशी बसलेले होते. मात्र ‘नाही’ म्हणणे हेच ज्याचे काम, असा कोणी तेथे नव्हता.

तसे काम असणारी संस्था उभी राहायला सव्वाशे वर्षे लागली. सेबीची स्थापना एप्रिल १९८८ मध्ये झाली, पण तिच्या हाती कायद्याचा अधिकार नव्हता. तो जानेवारी १९९२ च्या वटहुकमाने आला. त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले आणि भांडवल उभारणीवर सरकारी परवान्याची सत्ता चालवणारे नियंत्रकाचे कार्यालयही त्याच वर्षी बंद झाले. जुनी सत्ता गेलेली, नवी अजून बसलेली नाही, अशा त्या संधिकालात १९७५ च्या तुकडीतील, महाराष्ट्र केडरचे भावे सेबीत वरिष्ठ कार्यकारी संचालक म्हणून दाखल झाले. १९९६ पर्यंत ते तेथे होते.

त्या काळच्या बाजाराचे मुख्य दुखणे माझ्या शेजाऱ्यांच्या पिशवीत होते. व्यवहार पटकन होई, पण शेअर हाती पडायला महिने लागत. सही जुळली नाही, टपालात पाकीट गहाळ झाले, प्रमाणपत्र बनावट निघाले, तर नुकसान घेणाऱ्याचे. ‘बॅड डिलिव्हरी’ हा शब्द दलालांच्या पेढीपासून मध्यमवर्गीय घरापर्यंत पोचला होता. १९९५ च्या वटहुकमाने आणि पाठोपाठ १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर नोंदीच्या रूपात ठेवण्याची वाट मोकळी केली. नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी, म्हणजे एनएसडीएल, ही त्या वाटेवरची पहिली संस्था. तिचे पहिले प्रमुख होण्यासाठी भावे यांनी सनदी सेवा सोडली. सचिवपदाची शिडी समोर दिसत असताना पंचेचाळिशीतला अधिकारी ती सोडतो, याला आमच्या सेवेत त्या काळी वेडेपणा म्हणत. पुढील दशकात कागद बाजारातून जवळजवळ हद्दपार झाला. आज दोन दिवसांचेही थांबणे उरलेले नाही, २०२३ पासून व्यवहाराच्या दुसऱ्या दिवशी शेअर खात्यात जमा होतो. या सोयीचा पाया त्या वर्षांत घातला गेला.

येथपर्यंतची कहाणी कोणालाही आवडेल. प्रश्न पुढे सुरू होतो. २००३ ते २००५ या काळात अनेक कंपन्यांच्या प्राथमिक विक्रीत हजारो बनावट डिमॅट खाती उघडून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी राखलेले शेअर लाटले गेले. सेबीने २००६ मध्ये जे आदेश काढले त्यांत एनएसडीएलच्या देखरेखीवरही बोट ठेवले होते. त्यानंतर फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारने सेबीच्या अध्यक्षपदी भावे यांचीच नियुक्ती केली. जिच्याविरुद्ध कार्यवाही चालू आहे त्या संस्थेचा आजवरचा प्रमुख आता कार्यवाही करणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला.

भावे यांनी एनएसडीएलच्या विषयातून स्वतःला दूर ठेवले. हे योग्यच होते. ते प्रकरण ऐकण्यासाठी मंडळाचे सदस्य जी. मोहन गोपाल आणि व्ही. लीलाधर यांची दोनसदस्यीय समिती नेमली गेली. समितीने डिसेंबर २००८ मध्ये आदेश दिले आणि त्यांत एनएसडीएलवर ताशेरे होते. पुढे सेबीच्या मंडळाने ते आदेशच कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसल्याचे ठरवले. समितीने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन सेबीवरही टिप्पणी केली, असे मंडळाचे म्हणणे. अध्यक्षांच्या जुन्या संस्थेला झुकते माप मिळाले, असे टीकाकारांचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

या वादात कोणाची बाजू खरी, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण त्याहून मोठा प्रश्न त्याच्या आड दडून राहिला. अध्यक्षांनी दूर राहायचे, तर त्यांच्या जागी कोण बसणार, त्याचा निकाल अंतिम की मंडळ तो फिरवू शकते, फिरवायचा तर कोणत्या कारणासाठी, याचा एकही नियम आधीपासून लिहिलेला नव्हता. प्रसंग आला तशी व्यवस्था जुळवली गेली. ज्या व्यक्तीच्या सचोटीवर आपण सारा भार टाकला, तिची सचोटी सिद्ध करण्याचे साधनच आपण तिला दिले नाही. परिणामी निर्दोष असतानाही संशय उरतो, आणि दोष असता तर तोही सहज झाकला गेला असता. नियमाचा अभाव प्रामाणिक माणसाला सर्वांत महाग पडतो.

आता अध्यक्षपदाची तीन वर्षे पाहू. शेअरसाठी अर्ज करताना पैसे अर्जदाराच्याच बँक खात्यात गोठवून ठेवायचे आणि शेअर मिळाले तरच वळते करायचे, ही ‘अस्बा’ पद्धत २००८ मध्ये आली. त्याआधी हजारो कोटी रुपये आठवडेच्या आठवडे दुसऱ्याच्या खात्यात बिनव्याजी पडून राहत. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांवरील ‘एंट्री लोड’ रद्द झाला. तोवर शंभर रुपये गुंतवणाऱ्याच्या रकमेतून सव्वादोन रुपयांपर्यंतची कपात आधीच वितरकाकडे जाई. या निर्णयाने लहान गावांतील वितरक उखडले गेले, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. त्यात तथ्य होते. पर्यायी मोबदल्याची रीत रुजण्याआधीच जुनी बंद झाली, हे मलाही घाईचे वाटले होते. पण गुंतवणूकदाराच्या खिशातून त्याला न सांगता पैसे काढू नयेत, हे तत्त्व त्यानंतर कोणी उघडपणे नाकारू शकले नाही.

९ एप्रिल २०१० रोजी सेबीने १४ आयुर्विमा कंपन्यांना आपल्या नोंदणीशिवाय ‘युलिप’ विकण्यास मनाई केली. विम्याच्या वेष्टनातील ही बाजारातील गुंतवणूक आहे, असे सेबीचे म्हणणे होते. विमा नियामकाने कंपन्यांना आदेश दुर्लक्षित करण्यास सांगितले. दोन नियामकांचे भांडण न्यायालयात जाणार असे वाटत असतानाच १८ जून २०१० रोजी सरकारने वटहुकूम काढून युलिप विमा नियामकाकडे सोपवले. कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावण्याआधी सरकारने कायदाच बदलला. तसे करण्याचा अधिकार सरकारला आहे, पण त्यातून बाजाराला गेलेला संदेश असा होता की नियामकाचा आदेश हा शेवटचा शब्द नसून वाटाघाटीची सुरुवात आहे.

त्याच वर्षी सेबीने दोन आणखी जड निर्णय घेतले. सप्टेंबरमध्ये पूर्णवेळ सदस्य के. एम. अब्राहम यांनी एमसीएक्स-एसएक्स या शेअर बाजाराला समभागांच्या व्यवहारांची परवानगी नाकारली. नोव्हेंबरमध्ये त्यांनीच सहारा समूहाच्या दोन कंपन्यांना जनतेकडून पैसे गोळा करण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. सुमारे ३ कोटी लोकांकडून २४,००० कोटींहून अधिक रक्कम जमवणाऱ्या त्या योजनांचा विषय ३१ ऑगस्ट २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेबीच्या बाजूने लागला आणि व्याजासह परतफेडीचा हुकूम झाला. अब्राहम हे केरळ केडरचे अधिकारी. केंद्रातील कोणत्याही सरकारला गैरसोयीचा ठरेल असा हा आदेश होता.

फेब्रुवारी २०११ मध्ये भावे यांची तीन वर्षांची मुदत संपली. वाढ मिळाली नाही. अब्राहम यांनी अर्थमंत्रालयाकडून दबाव येत असल्याचा आरोप करणारे पत्र पंतप्रधानांना लिहिले. त्यांचीही मुदत वाढली नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एमसीएक्स-एसएक्सच्या अर्जाचा फेरविचार करण्यास सांगितले आणि परवानगी मिळाली. २०१३ मध्ये त्याच समूहातील एनएसईएल हा वस्तूबाजार कोसळला. मग २०१४ मध्ये सीबीआयने २००८ सालच्या मूळ मान्यतेबद्दल भावे आणि अब्राहम यांच्याविरुद्ध प्राथमिक चौकशी नोंदवली. प्राथमिक चौकशी म्हणजे गुन्हा नव्हे, हे मी आवर्जून लिहितो. तरी त्यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. नकार दिला तेव्हा ते आडमुठे ठरले आणि होकार दिला होता म्हणून सहा वर्षांनी संशयित ठरले. या दोन टोकांच्या मधली सुरक्षित जागा एकच, ती म्हणजे निर्णयच न घेणे.

ती जागा मला चांगली ठाऊक आहे. माझ्या सेवाकाळात एका मोठ्या रकमेच्या प्रस्तावाची फाईल माझ्याकडे आली होती. प्रस्ताव नाकारायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण नाकारला तर वरून फोन येईल आणि स्वीकारला तर पुढे कधी तरी लेखापरीक्षणात नाव येईल. मी फाईलवर ‘चर्चा करावी’ असे लिहून ती परत पाठवली. दोन महिन्यांनी माझी बदली झाली आणि निर्णय माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडला. त्याने तो घेतला आणि त्याचा मनस्तापही सोसला. मला कोणी कधी काही विचारले नाही. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी उत्तम शेरा होता. आज हे लिहिताना त्या शेऱ्याची मला लाज वाटते. आणि प्रशासनाने त्या दोन शब्दांना बक्षीस द्यावे, याची अधिक चिंता वाटते.

मग करावे काय? मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, हितसंबंधांच्या संघर्षाचा लेखी आणि सार्वजनिक नियम. २०२४ मध्ये सेबीच्या तत्कालीन अध्यक्षांवर हितसंबंधांचे आरोप झाले. लोकपालांनी मे २०२५ मध्ये त्या तक्रारी फेटाळल्या. तोवर संस्थेची उमेदीची कित्येक महिन्यांची शक्ती खुलाशांत गेली होती. त्यानंतर माजी केंद्रीय दक्षता आयुक्त प्रत्युष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल दिला आणि वरिष्ठांची मालमत्ता व देणी सार्वजनिक करण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या रोखेबाजार संहितेच्या विधेयकातही सदस्यांनी आपले प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध उघड करावेत अशी तरतूद आहे. ही दिशा योग्य आहे. पण २००८ चा धडा त्याहून पुढचा आहे. अध्यक्ष किंवा सदस्य दूर राहिल्यावर प्रकरण कोणाकडे जाईल, हे आधीच ठरलेले असावे आणि त्या आदेशाविरुद्ध दाद फक्त रोखे अपील न्यायाधिकरणाकडे मागता यावी. संस्थेच्या स्वतःच्या मंडळाने तो आदेश पुसू नये.

दुसरी, एकच, निश्चित आणि न वाढणारी मुदत. भावे यांना तीन वर्षे मिळाली. त्यांच्यानंतर आलेले उपेंद्रकुमार सिन्हा मुदतवाढी मिळत सहा वर्षे राहिले. अजय त्यागी यांची २०१७ मधील नियुक्ती आधी पाच वर्षांपर्यंत जाहीर झाली, मग ती तीन वर्षांवर आणली गेली आणि अखेर सहा महिने व अठरा महिने अशा तुकड्यांनी पुन्हा पाच वर्षे भरली. या व्यक्तींच्या निःस्पृहतेबद्दल मी काही सुचवत नाही. पण ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीतील बँका आणि विमा कंपन्या बाजारात उतरतात, त्याच मंत्रालयाच्या हाती पुढच्या सहा महिन्यांचे पत्र असावे, ही रचनाच चुकीची आहे. पाच वर्षे द्यावीत आणि पुन्हा नेमणूक नाही हे पहिल्याच दिवशी सांगावे.

तिसरी, कारणे नोंदवून घेतलेल्या निर्णयाला निवृत्तीनंतरचे संरक्षण. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लाभाचा हेतू सिद्ध न करताच केवळ निर्णयामुळे गुन्हा ठरवणारे जुने कलम गेले. ही सुधारणा उशिरा का होईना, झाली. तिचे दुसरे अंग मात्र उरले आहे. निर्णयामागची संपूर्ण टिप्पणी आदेशासोबत प्रसिद्ध व्हावी. ज्या माहितीवर निर्णय घेतला ती माहिती त्याच दिवशी लोकांसमोर असेल, तर दहा वर्षांनी उघड झालेल्या गोष्टींच्या आधारे त्या दिवसाचा न्याय करणे अवघड होईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. न निवडून आलेल्या अधिकाऱ्याला इतके कवच दिले, तर तो मनमानी करणार नाही कशावरून? सेबीकडे नियम करण्याची, तपास करण्याची आणि शिक्षा देण्याची अशा तिन्ही शक्ती एकवटल्या आहेत. अशा संस्थेचा प्रमुख कोणालाच उत्तरदायी नसेल तर ते धोक्याचेच आहे. माझे म्हणणे इतकेच की उत्तरदायित्व मुदतवाढीच्या टांगत्या पत्रातून येऊ नये. ते संसदेच्या स्थायी समितीसमोरील नियमित साक्षीतून, अपील न्यायाधिकरणातील पराभवातून आणि प्रसिद्ध केलेल्या कारणांतून यावे. पहिल्या प्रकारात अधिकारी एका कार्यालयाकडे पाहून काम करतो, दुसऱ्यात लोकांकडे.

हे आता तातडीचे का, याचे उत्तर आकड्यांत आहे. देशातील डिमॅट खाती २० कोटींच्या पुढे गेली आहेत. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. १८६५ मध्ये बुडालेले बहुतेक जण मुंबईतील पेढीवाले होते. आज त्यांत आमच्या हूटगळ्ळीतील कारखान्यात पाळी संपवून मोबाइल उघडणारा तरुणही आहे. त्याच्यासाठी ‘नाही’ म्हणणारा अधिकारी कोणत्या घडणीचा असेल हे योगायोगावर सोडता येणार नाही.

भावे यांच्यासारखे अधिकारी अधूनमधून मिळतात, ते आपले भाग्य. पण त्यांच्या कारकिर्दीचा आदर करायचा, तर त्यांना जे हाताशी मिळाले नाही ते पुढच्या अध्यक्षाला मिळेल अशी सोय करायला हवी. रोखेबाजार संहितेचे विधेयक संसदेपुढे असताना ही सोय करण्याची संधी आहे, आणि अशी संधी वारंवार येत नाही.

माझ्या शेजाऱ्यांचा अर्ज गेला आहे. पोचपावती त्यांनी त्याच कापडी पिशवीत जपून ठेवली आहे. तीस वर्षांपूर्वी परत आलेल्या कागदाला अजून किंमत असू शकते, यावर त्यांचा आता बराचसा विश्वास बसला आहे. तो विश्वास सार्थ ठरवणे हे मुंबईत त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे काम आहे. त्याला ते निर्भयपणे करता यावे, ही जबाबदारी आपली आहे.